डावीकडची चौथी

पहाटेचे साडेतीन. मिरज जंक्शनवर
मालगाडीचं शंटिंग चाललेलं.
बेड नंबर सहा : मलगोंडा बिरादार, वय एकसष्ट,
हमाल, मार्केट यार्ड, सांगली.
बोटाला लावलेली क्लिप काही वाचेना.
नखं पिवळी. चाळीस वर्षांची हळद
स्पिरिटच्या बोळ्यानं निघते होय?
क्लिप कानाच्या पाळीला लावली.
तिथं ब्याऐंशी आले, मग अठ्ठ्याहत्तर,
मग मॉनिटरवरची रेघ
वारूळ फुटल्यासारखी वळवळली,
आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं,
घरी काहीतरी विसरून आल्यासारखं.

तेवढंच.

कुणीतरी पाठीखाली फळी सरकवली.
मी स्टुलावर चढले. उंची चार फूट अकरा.
नर्सिंगला आले तेव्हा मेट्रन म्हणाल्या होत्या,
सुवार्ता, तू पेशंट उचलणार का पेशंट तुला?

तळव्यावर तळवा, कोपरं ताठ,
एक दोन तीन चार
अकराव्याला की बाराव्याला
हाताखाली कट् झालं.
बरगडी.
पुस्तकात लिहिलंय, थांबायचं नाही.
तो आवाज पुस्तकात लिहिलेला नाही.

मगदूम मॅडमनी जीभ सारून
घशात दिव्याचं पातं घातलं.
आत नुसता फेस, गुलाबी.
सक्शन. नळी. बाजूला व्हा. शॉक.
पुन्हा दाबा.
माझे दंड संपले तेव्हा मुजावरांचा रियाज चढला.
वॉर्डबॉय. बाप यार्डात तोलाईला होता त्याचा.
तो एक म्हणेना.
लाभ, दोन, तीन, चार...
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
कुणी हसलं नाही.
पुढची सगळी मिनिटं आम्ही लाभापासूनच मोजली.

संध्याकाळी गौरव्वा सांगत होती,
तरणे होते तेव्हा हे हरिपूरच्या पेवात उतरायचे.
पेवाचं तोंड उघडून ठेवायचं, आतली वाफ जाऊ द्यायची,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
जळत राहिला, तर माणूस उतरणार.
विझला, तर वरच बसून तंबाखू मळायची.
"ह्यास्नी दम कुठला? एकदा तसंच उतरलं.
केसाला धरून वर वढलं बघा."

एकोणिसाव्या मिनिटाला
मी पापणी वर करून टॉर्च धरला.
कधीच न पाहिलेलं ते पेव मला दिसलं,
गोल, काळं, खाली किती ते कळेना.
मग काठ हलला.
बाहुली आकसली, हळू,
उशिरा जाग आलेल्या माणसागत.

हृदय आलं. फुप्फुसं यायला तयार नव्हती.
नऊ दिवस व्हेंटिलेटर. न्यूमोनिया. डावीकडे पाणी.
छातीत नळी, बाटलीत बुडबुडे,
आणि एक्स-रेवर लाल पेन्सिलीची खूण :
डावीकडची चौथी.
त्याच नऊ दिवसांत बेड नंबर दोनवर
तासगावची एक बाळंतीण, पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली.
चाळीस मिनिटं. तिथंही लाभापासून.
तिचं नाव इथं लिहीत नाही.
तिचा नवरा जिन्यात
बाळाचं टोपडं उलटं घालत बसला होता.
मी ते सुलटं करून दिलं. दुसरं काय करणार?

दोन महिन्यांनी ओपीडीत
पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट,
मांडीवर एक्स-रेचं पाकीट.
"बाकी ब्येस हाय बघा.
खोकलं, शिंकलं, की हितं कळ येतीया.
माझी बरगडी मोडली म्हणं हितं कुणीतरी.
कुणाचं काम ते?"

मी वजन लिहीत होते. एकावन्न.
मी, म्हटलं.

त्यांनी मला चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं.
पोत्याचा अंदाज घेतात ना, उचलण्याआधी,
तसं.
"तू? एवढीशी?"
आणि हसले,
आणि हसता हसता
छातीची डावी बाजू घट्ट धरली.